दुखणं अडवायचं कुठे?

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला. मुंबईची बेटंही त्यातच गेली आणि पुढे शंभरावर वर्षं त्यांचा कारभार वसईहून चालला. त्याच वर्षी मार्तीं आफोन्सो द सौझाच्या ताफ्याबरोबर गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य गोव्यात उतरला होता. कालांतराने मुंबईचं बेट त्याला वार्षिक खंडाने मिळालं. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात अफू, भांग आणि धोतरा या तिघांवरही त्याने लिहिलं आहे. धोतरा अन्नात घालून माणसाला भ्रमिष्ट करायचं आणि मग घर लुटायचं, हा त्या काळचा चोरांचा धंदा तो नोंदवतो. असा माणूस दिवसभर नुसता हसत राहतो, असंही सांगतो. भांगेबद्दल त्याने दिलेली गोष्ट तर खुद्द बहादूरशाहाची आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण फिरून यावंसं वाटलं तर आपल्याला थोडी भांग पुरते, असं हा सुलतान मार्तीं आफोन्सोला म्हणाला होता.

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचा इतिहास मी इतक्या मागून सुरू करतो, याला कारण आहे. दुखणं शरीरात कुठेही असलं तरी ते जाणवतं मेंदूत, म्हणून मेंदूच गुंगवून टाकायचा, हा एकच मार्ग माणसाला हजारो वर्षं माहीत होता. भांग, अफू, धोतरा, दारू ही सगळी त्याच मार्गावरची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तटाखाली पडलेल्या दोन्ही बाजूंच्या जखमींसाठी याहून वेगळं काही नव्हतं. हातपाय कापायची वेळ आली तर चार माणसांनी दाबून धरायचं आणि वैद्याने हात लवकर चालवायचा.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. जहाजांच्या त्या काळातही बातमी भराभर पसरली. २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्यात ईथर वापरलं गेलं. ज्यांच्या देखरेखीखाली ते झालं ते डॉ. ओशॉनेसी त्याआधी काही वर्षं भांगेवर प्रयोग करत होते, हा दुवा मला फार बोलका वाटतो. भांगेचा अभ्यासक ईथरपाशी पोचला तो एकाच प्रश्नाचा माग काढत. पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आलं. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय १८४५ साली उभं राहिलं होतं, त्यामुळे नवी विद्या शिकणारी पहिली पिढी इथे तयार होतच होती.

पण क्लोरोफॉर्मने माणसं मरूही लागली. मृत्यू आधी हृदय थांबल्याने होतो की श्वास थांबल्याने, यावर विलायतेतले डॉक्टर भांडत होते. या भांडणाचा निवाडा करण्याचा मोठा प्रयत्न झाला तो हैदराबादेत. आजचा मराठवाडा त्या वेळी निजामाच्याच राज्यात होता. तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग चालवले. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने पैसे दिले आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने डॉ. लॉडर ब्रंटन यांना लंडनहून धाडलं. लॉरींचं म्हणणं एकच होतं: नाडीवर बोट ठेवून बसू नका, श्वासाकडे बघा. श्वास बिघडतो तो आधी. क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडू शकतं हे पुढे सिद्ध झालं, म्हणून लॉरी पूर्ण बरोबर ठरले नाहीत. तरीही भूल देणाऱ्याने श्वासावरची नजर हलवायची नाही, हा त्यांचा धडा टिकला. त्याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई १८८९ पासून हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देत होत्या. भूल देणं हेच काम करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. आपल्या शाळांच्या पुस्तकांत ते असायला हवं.

याच सुमारास दुसरा मार्ग उघडत होता. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर याने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळ्यापुरतीच बधिरता आणली. रोगी जागा होता, बोलत होता, फक्त डोळा दुखत नव्हता. १८९८ मध्ये जर्मनीत कील इथे ऑगस्ट बिअर याने पाठीच्या कण्यात कोकेन टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. त्याने आणि त्याच्या सहायकाने हा प्रयोग एकमेकांवरही करून बघितला आणि त्यानंतर बिअर कित्येक दिवस डोकेदुखीने अंथरुणाला खिळला. आपल्याकडे सिझेरियन झालेल्या बायका 'पाठीत सुई दिली तेव्हापासून पाठ गेली' असं सांगतात. पाठदुखीची कारणं बहुतेक वेळा दुसरीच असतात, पण सुईनंतरच्या डोकेदुखीची तक्रार मात्र बिअरइतकीच जुनी आणि खरी आहे. १९०५ मध्ये ह्युगो झेलहाइमने कण्याच्या बाजूला, नस बाहेर पडते तिथे औषध टोचलं. १९२१ मध्ये स्पेनच्या फिदेल पाजेस या लष्करी शल्यवैद्याने एपिड्यूरल सांगितलं. यात औषध मज्जारज्जूच्या आवरणात न जाता त्याच्या बाहेरच राहतं. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झालं आणि १९५७ मध्ये तिथेच ब्युपिव्हाकेन. कोकेनची नशा आणि विषबाधा मागे पडली, बधिरता तासन्‌तास टिकू लागली. दुखणं मेंदूत पोचायच्या आधी वाटेतच अडवता येतं, हे आता पक्कं झालं होतं.

इकडे वसईची वाट मुंबईकडे वळली होती. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. १९३६ मध्ये विजेवरची गाडी विरारपर्यंत आली. वसईची केळी, फुलं, भाजी आणि विड्याची पानं याच गाड्यांनी मुंबईच्या बाजारात जात. घरात मोठं दुखणं आलं की माणूसही त्याच गाडीने जाई. वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी, वारली, कुणीही असो, छातीचं काही निघालं की एल्फिन्स्टन रोडला उतरायचं, पूल ओलांडून परळला यायचं आणि केईएमच्या रांगेत उभं राहायचं. १९२६ साली सुरू झालेलं हे महापालिकेचं रुग्णालय वसईकरांचंही होतं.

केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५०च्या दशकात हृदयाच्या शस्त्रक्रियांची घडी बसवली. तेव्हाचे रोगी मुख्यतः तरुण होते. लहानपणी सांधेज्वर झालेला, त्याने मायट्रल झडप आखडलेली, विशी-पंचविशीत जिना चढताना दम लागणारा. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडायची आणि धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी करायची. हृदय सुटायचं, पण बरगड्यांमधली ती चीर शस्त्रक्रियेतल्या सर्वांत दुखऱ्या चिरांपैकी एक असते. पुढे हृदय-फुप्फुस यंत्रं आली, आणि छातीचं मधलं हाड उभं कापण्याची रीत रूढ झाली. ती रीत १८९७ मध्ये हर्बर्ट मिल्टनने सुचवली होती, पण हृदयासाठी तिचा प्रसार झाला तो १९५७ नंतर. १६ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री सेन आणि त्यांच्या चमूने केईएममध्ये हृदय बदललं. ख्रिश्चन बर्नार्डने केलेल्या जगातल्या पहिल्या मानवी हृदय-प्रत्यारोपणाला तेव्हा अडीच महिनेच झाले होते. जगातलं हे सहावं मानवी हृदय-प्रत्यारोपण होतं. रोगी तीन तासांनी गेला. सेन यांचं नाव त्या रात्रीशी जोडलेलं राहिलं, पण हजारो घरांना त्यांचं ऋण आहे ते मोकळ्या केलेल्या झडपांसाठी.

छातीचं हाड कापल्यावर शरीरात काय होतं ते इथे नीट सांगायला हवं, कारण एरवी घरची माणसं ऑपरेशन 'सक्सेस' झालं एवढंच ऐकून निश्चिंत होतात. हाड पोलादी तारांनी शिवलेलं असतं. बायपाससाठी छातीच्या आतून धमनी सोडवून घेतली असेल तर तिथेही जखम असते. फासळ्यांखालून रक्त आणि पाणी काढायला जाड नळ्या घातलेल्या असतात आणि प्रत्येक श्वासाला त्या आतून टोचतात. माणूस मग आपोआप उथळ श्वास घेतो. खोकला दाबतो. फुप्फुसाच्या खालच्या भागात हवा पोचत नाही, तिथले वायुकोश मिटतात, कफ साचतो, त्यात जंतू वाढतात. पहिल्या काही दिवसांत पूर्ण श्वास घेऊन सोडण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर येते. हृदय उत्तम चालू असताना न्यूमोनियाने पुन्हा व्हेंटिलेटरवर जावं लागलेले रोगी प्रत्येक हृदयविभागाने बघितले आहेत. तीन रंगीत गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र नर्स हातात देते, 'ओढा, ओढा, गोळी वर गेली पाहिजे' म्हणते, ते याच्यासाठी. पण श्वास ओढताच छाती फाटल्यासारखी होत असेल तर गोळी वर जाणार कशी? वेदना कमी करणं हे म्हणूनच फुप्फुस वाचवण्याचं काम आहे. ती रोग्यावर केलेली मेहेरबानी नाही.

त्यावर जगाने आधी निवडला तो जुनाच मार्ग. १९६९ मध्ये बॉस्टनच्या त्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातून एडवर्ड लोवेन्स्टाइन यांनी लिहिलं की मॉर्फिन शिरेतून मोठ्या प्रमाणात दिलं तरी आजारी हृदय ते सहन करतं. मॉर्फिन आणि पुढे फेंटॅनिल यांवर हृदयाची भूल उभी राहिली. हृदयासाठी ते बरं होतं, श्वासासाठी नव्हतं. अफूची ही सगळी मंडळी श्वासाचं केंद्र मंद करतात. म्हणून रोग्याला रात्रभर, कधी त्याहून जास्त, व्हेंटिलेटरवर ठेवायचं हा नेम झाला. लॉरींची ताकीद अशी उलटी फिरली: हृदय सांभाळलं, श्वास यंत्राच्या हवाली केला. १९९०च्या दशकात खाटा कमी पडू लागल्या, खर्च वाढला, आणि घशातली श्वासाची नळी लवकर काढायची नवी पद्धत आली. आता प्रश्न टळण्यासारखा नव्हता. रोगी त्याच संध्याकाळी जागा होणार, स्वतः श्वास घेणार, तर त्याच्या छातीचं दुखणं कोण सांभाळणार?

भारतात या प्रश्नाला आणखी एक गाठ होती. आपल्या देशात अफू सरकारी परवान्याने पिकते, औषधासाठी परदेशी जाते. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. हेतू योग्य होता, पण मॉर्फिनच्या एका बाटलीसाठी इतके परवाने आणि चुकल्यास इतकी कडक शिक्षा, की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. १९९७ मध्ये साऱ्या देशात औषध म्हणून वापरलं गेलेलं मॉर्फिन अवघं १८ किलो होतं. २०१४ च्या दुरुस्तीने अट सैल केली, पण भीती एका दुरुस्तीने जात नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला फेंटॅनिल मिळतं. तालुक्याच्या गावी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलवर भागवायचं. ट्रामाडॉलही २०१८ मध्ये त्याच कायद्याखाली आलं.

मग नस अडवण्याच्या मार्गाकडे वळणं ओघानेच आलं. छातीच्या पातळीवर एपिड्यूरलची बारीक नळी बसवली तर हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं उत्तम आवरतं, हे अनेक देशांत दिसलं. आपल्या देशात या बाबतीत सर्वांत धाडसी काम बंगळुरूच्या वोक्हार्ट रुग्णालयात झालं. शल्यविशारद डॉ. विवेक जवळी आणि भूलतज्ज्ञ डॉ. मुरली चक्रवर्ती यांनी केवळ एपिड्यूरलवर, घशात नळी न घालता, जाग्या रोग्यांचे बायपास केले. त्यांचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. छाती उघडी, हृदय शिवलं जातंय आणि रोगी स्वतःचा श्वास स्वतः घेतोय. हे सर्वांसाठी नव्हतंच, तसा त्यांचा दावाही नव्हता. पण श्वास न थांबवता छातीचं दुखणं थांबवता येतं, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

तरीही एपिड्यूरल हृदयविभागात सर्वत्र पसरलं नाही. अडचण हिपॅरिनची. हृदय-फुप्फुस यंत्रात रक्त गोठू नये म्हणून ते भरपूर द्यावं लागतं. एपिड्यूरलच्या सुईने जर एखादी बारीक शीर फुटली असेल, तर न गोठणारं रक्त कण्याच्या बंद जागेत साचतं आणि मज्जारज्जू दाबला जातो. वेळीच ओळखलं नाही तर पाय कायमचे जातात. असं होणं फार दुर्मीळ आहे. पण हृदय वाचलेल्या माणसाचे पाय गेले, हे कोणत्या भूलतज्ज्ञाला सोसेल? फायद्याचा पुरावाही एकमुखी नव्हता. इंग्लंडमधल्या ४२० रोग्यांच्या २००१ च्या अभ्यासात एपिड्यूरल घेतलेल्यांना फुप्फुसाचे संसर्ग कमी झाले. नेदरलँड्समध्ये ६५४ रोग्यांवर झालेल्या २०११ च्या अभ्यासात मोठ्या गुंतागुंतींत ठळक फरक दिसला नाही. बहुतेक रुग्णालयांनी मग ती नळी बाजूला ठेवली.

२०१६ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनचे मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी एक साधी वाटणारी गोष्ट मांडली. कण्याच्या दोन्ही बाजूंना पाठ ताठ ठेवणारा लांब स्नायू असतो, इरेक्टर स्पायनी. त्याच्या खाली, मणक्याच्या आडव्या हाडावर सुई टेकवायची आणि तिथे ब्युपिव्हाकेनसारखं औषध सोडायचं. औषध स्नायूखालून वरखाली कित्येक मणक्यांपर्यंत पसरतं आणि छातीच्या भिंतीच्या नसा बोथट होतात. नसा अशा अडवण्यालाच ब्लॉक म्हणतात. सुई मज्जारज्जूपासून दूर राहते, समोर हाड असल्याने आत घुसण्याची भीती कमी. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई, हाड, स्नायू सगळं दिसतं. त्यांनी ही पद्धत छातीच्या जुनाट नसदुखीसाठी सांगितली होती. हृदयासाठी ती पारखण्यात भारतीय भूलतज्ज्ञ पुढे होते. बंगळुरूच्या जयदेव संस्थेतून २०१८ मध्ये ५० रोग्यांचा अभ्यास आला. अर्ध्यांना एपिड्यूरलची नळी, अर्ध्यांना पाठीच्या दोन्ही बाजूंना या नव्या ब्लॉकच्या नळ्या. वेदना, तीन गोळ्यांच्या यंत्रावरची ओढ, व्हेंटिलेटरचा काळ या सर्वांत नवा ब्लॉक एपिड्यूरलच्या तोडीचा ठरला. दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये १०६ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉलवर वेदना साधारण साडेचार तास आटोक्यात राहिली, ब्लॉक दिल्यावर सुमारे नऊ तास.

नऊ तास म्हणजे काय, हे आयसीयूत रात्र काढलेल्याला विचारावं. त्या तासांत घशातली नळी निघते, पहिला खोकला येतो, पहिल्यांदा खाटेवर बसवतात. पुढच्या आठवड्याची दिशा तिथे ठरते. हे अभ्यास लहान आहेत आणि अशा ब्लॉकने न्यूमोनिया किती टळतो याचं अंतिम उत्तर त्यांतून निघत नाही, हेही तितकंच खरं. ब्लॉक एकटा पुरत नाही. त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल लागतं, फिजिओथेरपी लागते, गरजेपुरतं मॉर्फिनही लागतं.

आपल्याकडे या साध्या सुईच्या वाटेतही एक कायदा उभा आहे. मुलींचे गर्भ मारले जाऊ नयेत म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला. प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि जागेची नोंदणी सक्तीची झाली. तो कायदा हवाच, तो सैल करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण भूलतज्ज्ञ आपलं छोटं यंत्र घेऊन एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाऊ शकत नाही, आणि लहान रुग्णालयं नोंदणीच्या धास्तीने यंत्र घेतच नाहीत. औषध काही रुपयांचं, सुई स्वस्त, शिकलेले डॉक्टर आहेत, आणि तरी ब्लॉक द्यायचा राहून जातो. नसा बघण्यापुरतं यंत्र, ज्यातून गर्भ दिसूच शकणार नाही, अशा यंत्रासाठी वेगळी सोपी वाट काढणं अशक्य नाही.

२००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया बसतात, त्यामुळे पूर्वी ज्यांना स्वप्नातही बायपास परवडला नसता ती घरंही आज हे ऑपरेशन करून घेतात. परळच्या रांगेआधी आता मीरा रोडला हृदयाची रुग्णालयं आहेत. पण तारांनी शिवलेली छाती घेऊन रोगी आठवड्याभरात नालासोपाऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत परततो. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. पुढचा श्वास त्याचा त्यालाच घ्यायचा असतो.

तुमच्या घरात कुणाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर सर्जनला भेटता तसं आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाला भेटाच. आधी पाठीत सुई घेतली होती का, रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, विडी-सिगारेट किती, हे काहीही न लपवता सांगा. विचारा: शुद्धीवर आल्यावर छातीचं दुखणं कसं आवरणार? नसांचा ब्लॉक देता येईल का, आणि नसेल तर का नाही? तीन गोळ्यांचं यंत्र ऑपरेशनच्या आधीच घरी आणा आणि रोग्याकडून सराव करून घ्या. शुद्धीवर आल्यावर दुखत असेल तर सहन करत पडून राहू नका. उशी छातीशी घट्ट धरा, खोका, आणि दुखतंय हे नर्सला मोठ्याने सांगा.